गॅरेज सवाल-जवाब : क्लच हलका करताना

प्रश्न : माझी 200 सीसीची ट्रेल बाइक आहे. रोज कासारवडवली ते माजिवडा हाफ क्लचवरच जातं, रविवारी कच्च्या रस्त्याला नेतो. दोन्हीकडे डावा पंजा भरून येतो. गॅरेजवाला म्हणतो, इंजिनवरचा क्लच आर्म वेल्डिंग करून इंचभर वाढवतो, लोण्यासारखा होईल. करून घेऊ का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : इंचभर अजिबात नको. आर्म (क्लचची वायर ओढते ती इंजिनवरची दांडी) लांब केला की हाताला जोर कमी लागतो हे खरं, पण तेवढ्याच प्रमाणात प्रेशर प्लेटची (स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या चकतीची) उचलही कमी होते. आकडे घालून बघा. समजा, आर्म 30 मिमीचा आहे आणि तो 36 मिमी केला. जोर साधारण 17 टक्क्यांनी उतरेल. पण प्रेशर प्लेट आधी 1.2 मिमी उचलली जात असेल, तर आता 1 मिमीच उचलली जाईल. 6 फ्रिक्शन प्लेट म्हणजे घासणाऱ्या 12 बाजू. प्रत्येकीच्या वाट्याला आधी 0.1 मिमी फट येत होती, आता 0.083. आर्म इंचभर वाढवून 55 मिमी केला, तर एकूण उचल उरते जेमतेम 0.65 मिमी. लिव्हर लोण्यासारखा होईल, पण दाबूनही क्लच सुटणार नाही. कापूरबावडीच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभे असाल तर बाइक पुढे ढकलत राहील आणि न्यूट्रल काही सापडणार नाही.

आधी जोर कुठे वाया जातोय ते शोधा. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकवाला काटा लिव्हरच्या टोकाला अडकवा, लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ओढा आणि आकडा लिहून ठेवा. मग वायर दोन्हीकडून सोडवा. आतली तार बोटांनी मागेपुढे करा. ती कुठेही अडकता कामा नये. इंजिनवरचा आर्मही हाताने हलवून पाहा. प्लेटला टेकेपर्यंत तो सैल फिरला पाहिजे. तिथेच जड लागला, तर शाफ्टच्या सीलमधून चिखल आत गेलाय. शाफ्ट काढून पुसा, नवीन सील आणि थोडं ग्रीस लावून बसवा. लिव्हरचा पिव्हट बोल्टही बघा. तो करकचून आवळला की लिव्हर चिमटीत सापडतो. बोल्ट लिव्हर मोकळा हलेल इतकाच बसवायचा आणि खालून नट आवळून लॉक करायचा.

वायरला तेल देण्याची पद्धत सोपी आहे. तिच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा नरसाळ्यासारखा टेपने घट्ट बांधा, त्यात 10-15 मिली पातळ तेल ओता आणि वायर रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकातून तेल ठिबकलं पाहिजे. आधी काळं येईल, मग स्वच्छ. ग्रीस मात्र भरू नका. आत नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत घट्ट ग्रीस धूळ धरून बसतं आणि पावसाळ्यानंतर त्याची लापशी होते. निपलजवळ (तारेच्या टोकाच्या धातूच्या गाठीजवळ) तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला, तर तेलपाणी न करता वायर बदला. ती काही शे रुपयांत मिळते.

ट्रेल बाइकवर एक गोष्ट फार वेळा सापडते, ती म्हणजे हँडल रायझर. हँडल 25-30 मिमी उंच केलं, पण वायर मूळचीच ठेवली, की ती ताणली जाते आणि हेडस्टॉकपाशी (हँडल फ्रेमला जोडतं तिथे) काटकोनात वळते. इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. लिव्हरची ढील बदलली किंवा आरपीएम हलला, तर वायरीचा मार्ग चुकलाय. झिप टाय सोडा, वळण मोठं करा. तेवढ्यानेही जमलं नाही तर लांब वायर घ्या.

लिव्हरचा क्लॅम्पही 15-20 मिमी आत सरकवा. दोन बोटं लिव्हरच्या टोकावर आली पाहिजेत. पिव्हटजवळ दाबलं तर तोच क्लच दुप्पट जड लागतो. हँडगार्ड आडवा येत असेल तर आधी त्याची जागा बदला. शेवटी काटा पुन्हा लावून आकडा ताडून बघा. एवढं केल्यावर बहुतेकांना वेल्डिंगची आठवणही होत नाही.

तरीही वाढवायचाच असेल, तर 30 मिमीच्या आर्मला 3 मिमी, त्यापुढे नाही. आणि आर्म बाइकवर असताना वेल्डिंग मारू देऊ नका. त्या उष्णतेने सील जळतो आणि नीडल बेअरिंगही जातं.

(रविवारच्या कच्च्या रस्त्याबद्दल एक : येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे बाइक घालण्याचा बेत असेल तर सोडून द्या.)

प्रश्न : चढावर लिव्हर हळूहळू सोडला तरी क्लच हळूहळू लागत नाही. थोडा लागतो, अडतो आणि मग एकदम झटका देतो. क्लच प्लेट नव्या घातल्या, फरक शून्य. अजून काय बदलायचं?
— एक वाचक, खारघर

उत्तर : प्लेट बदलताना क्लच आउटर, म्हणजे प्लेट ज्यात बसतात तो बाहेरचा डबा, कुणी नीट पाहिलेलं दिसत नाही. फ्रिक्शन प्लेटचे दात आउटरच्या खाचांत बसतात. सिंगल सिलिंडर इंजिनाचा प्रत्येक ठोका त्या दातांमार्फत खाचेच्या भिंतीवर बसतो. भिंत ॲल्युमिनियमची, त्यामुळे तिथे हळूहळू छोट्या पायऱ्या पडतात. लिव्हर सोडला की प्लेट सरळ सरकण्याऐवजी एका पायरीत अडकते आणि जोर वाढला की पुढच्या पायरीवर उडी मारते. तुमचा झटका तोच. भिंतीवरून नख फिरवा, लगेच कळेल.

पायरी 0.3 मिमीच्या आत असेल तर बारीक कानशीने साफ करता येते. आउटर इंजिनातून बाहेर काढूनच हे करा, नाहीतर सगळा कीस तेलात जाईल. कानस भिंतीला सपाट धरायची, सगळ्या भिंतींवर सारख्याच वेळा मारायची आणि पायरी गेली की थांबायचं. एकच भिंत जास्त घासली तर तिथला दात भार घेत नाही, बाकीच्यांवर तो वाढतो. पायरी 0.5 मिमीच्या पुढे गेली असेल तर आउटर बदला. एक लक्षात ठेवा, घासल्यावर दात आणि भिंतीतली फट वाढते, ठोका जास्त बसतो आणि पुढच्या पायऱ्या लवकर पडतात. कानशीने एखादा मोसम निघतो, कायमचा इलाज नाही.

इंजिन उघडलंच आहे तर स्टील प्लेटही तपासा. सपाट काचेवर ठेवून कडेखाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. बाकाची मर्यादा कंपनीगणिक 0.1 ते 0.3 मिमी असते, आपल्या बाइकचं मॅन्युअल बघा. निळी पडलेली प्लेट बाक नसला तरी बाद. स्टील प्लेटच्या एका बाजूची कड गोलसर आणि दुसरीची धारदार असते. सगळ्या एकाच दिशेने बसवा. नव्या फ्रिक्शन प्लेट इंजिन ऑइलमध्ये तासभर तरी बुडवून मगच घाला. कोरड्या घातल्या तर पहिल्याच चढावर जळू शकतात.

काही बाइकमध्ये सर्वांत आतल्या फ्रिक्शन प्लेटच्या आत एक सपाट रिंग आणि एक किंचित बशीसारखी रिंग असते. ती जडर स्प्रिंग. ती उलटी बसली तर नव्या प्लेटवरही क्लच थरथरतो. काढण्याआधी फोटो घ्या. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा सोडा आणि तसेच आवळा. एम6 बोल्टना साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर पुरतात. हाताच्या अंदाजाने पाना ओढला की क्लच सेंटरचा (क्लचच्या आतल्या भागाचा) बोल्ट बसणारा खांब तुटतो, आणि तो पार्ट मिळवायला पुन्हा आठवडा जातो.

प्रश्न : ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला की क्लचची ढील वाढते, गिअर खटखट पडतो. ॲडजस्टर फिरवला की ठीक. पण दुसऱ्या दिवशी बाइक चढावर पळत नाही, नुसता आवाज वाढतो.
— एक वाचक, शिळफाटा

उत्तर : तुम्ही गरम क्लचची ढील काढता आणि तीच गार क्लचवर ठेवता. हाफ क्लचवर प्लेट तापून फुगतात, प्रेशर प्लेट बाहेर सरकते आणि वायर सैल होते. रात्रीतून प्लेट गार झाल्या की मागे येतात, ढील उरतच नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. म्हणून घसरतो. लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी ढील असावी, ती सकाळी गार इंजिनावर लावा. वाटेत ॲडजस्टर फिरवलाच तर किती फेरे दिले ते मोजा आणि घरी पोहोचल्यावर तेवढेच उलटे द्या. मुंब्रा बायपासच्या रांगेत ट्रकमागे थांबलात की न्यूट्रल करून लिव्हर सोडा, ॲडजस्टरला हात लावायची वेळच कमी येईल. ढील आठवड्या-आठवड्याला आपोआप कमी होत असेल, तर मात्र प्लेट झिजल्यात.

प्रश्न : घरच्या स्कूटरसाठी आणलेलं तेल उरलं होतं, ते बाइकमध्ये टाकलं. दोन दिवसांत क्लच घसरायला लागला.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : डब्यावर जासो एमबी लिहिलंय का बघा. ते कमी घर्षणाचं तेल, स्कूटरसाठी. तेलात बुडालेल्या क्लचला एमए किंवा एमए2 लागतं. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे. गरम इंजिनातून सगळं तेल काढा, योग्य तेल भरा, 100-200 किमी हळू चालवा, पुन्हा बदला. तरीही घसरला तर प्लेट बदला.

प्रश्न : घसरू नये म्हणून क्लच स्प्रिंगखाली वॉशर घातले तर चालेल?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : आधी स्प्रिंगची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा. मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा आखूड असतील तर सगळ्या बदला, एक-दोन नाही. वॉशरने लिव्हर जड होतो, आणि जाड वॉशर असेल तर लिव्हर पूर्ण दाबण्याआधीच स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकतात. मग प्रेशर प्लेट हलत नाही, तिथे वायर तुटते किंवा आर्म वाकतो.