परसातील कोंबड्यांचे रक्षण: विष नको, जाळी आणि कडी पाहा

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी तीन एकाच विषयाचे असल्याने त्यांना एकत्र उत्तर देत आहे. गोराईच्या शेतकऱ्याच्या नऊ कोंबड्या एका रात्रीत माना फोडून तिथेच टाकलेल्या आढळल्या असून दुकानदाराने त्यांना मुंगसासाठी अंड्यात थिमेट हे कीटकनाशक भरून ठेवण्यास सांगितले आहे. मढच्या ताईंची पिल्ले दिवसा घार उचलते आणि रात्रीही एकेक नाहीशी होते. आरेतील एका पाड्यावरून बिबट्याविषयी विचारणा झाली आहे.

थिमेट ठेवू नये. थिमेट म्हणजे फोरेट. त्याच्या विक्रीवर आणि वापरावर 2020 च्या अखेरीपासून देशभर बंदी आहे, त्यामुळे ते देणारा दुकानदार तुम्हाला सल्ला देत नसून गुन्ह्यात ओढत आहे. विषारी अंडे मुंगूसच खाईल याची कोणतीही हमी नसते. ते शेजाऱ्याचे कुत्रे खाते, कावळा खातो आणि फुटलेले अंडे दिसले की तुमची स्वतःची कोंबडीही त्यावर चोच मारते. शिवाय मुंगसाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. त्याला मारणे किंवा फासात पकडणे हा गुन्हा ठरतो.

आधी चोर ओळखावा. अनेक पक्षी मारून तिथेच टाकले असतील तर बहुधा दिवसा मुंगूस किंवा रात्री उदमांजर आले होते. मागमूस न ठेवता रात्री एकेक पिल्लू जात असेल तर घूस किंवा साप असतो. जाळी फाटून पिसे लांबवर विखुरली असतील तर कुत्र्यांचा संशय घ्यावा. उपाय मात्र जवळजवळ सर्वांसाठी एकच आहे, आणि नेमका तोच दुकानात कोणी सांगत नाही, कारण जाळी एकदा विकली जाते आणि औषध दर महिन्याला.

षटकोनी कोंबडी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. तिची तार बारीक असते, कुत्रा ती दाताने ओढून फाडतो आणि गोराई-मढच्या खाऱ्या हवेत ती लवकर गंजते. खुराड्याला जमिनीपासून निदान दोन फूट उंचीपर्यंत अर्ध्या इंचाच्या चौकोनी छिद्रांची, चांगल्या जस्तलेपाची वेल्डमेश जाळी लावावी आणि हवेच्या झरोक्यांनाही तीच वापरावी. जाळीची खालची कड एक फूट जमिनीत पुरावी. खडक किंवा काँक्रीट असेल तर ती दीड फूट बाहेरच्या बाजूस आडवी पसरून तिच्यावर दगड ठेवावेत, म्हणजे भिंतीलगत उकरू पाहणाऱ्या प्राण्याला जाळीच लागते. हे काम मे महिन्यातच उरकावे. पावसाळ्यात माती मऊ होते, बिळांत पाणी शिरते आणि घुशी, साप, मुंगसे कोरडी जागा शोधत थेट तुमच्या खुराड्याकडे येतात. तेव्हा जाळी पुरायला घेणे म्हणजे उशीर झालेला असतो.

दार सूर्यास्तापूर्वी बंद करावे, घड्याळ पाहून नव्हे. मुंबईत जूनच्या अखेरीस सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, तर डिसेंबरच्या सुरुवातीस सहाच्या सुमारास. वर्षभर सातला दार लावणाऱ्याच्या कोंबड्या हिवाळ्यात तासभर अंधारात उघड्यावर असतात आणि त्याच तासात घात होतो. दाराला नुसता हूक अडकवणे पुरेसे नाही; कडी लावून तिच्यात कुलूप किंवा खिळा घालावा. कुलपाचा उपयोग मुंगसापेक्षा माणसांसाठी अधिक होतो, हे मुंबईत वेगळे सांगायला नको.

मढच्या ताईंनी पिल्ले सहा ते आठ आठवडे मोकळी सोडू नयेत आणि आवारावर मासेमारीचे जुने जाळे ताणून बांधावे; कोळीवाड्यात ते सहज मिळते. बाजूंना मात्र हे जाळे लावू नये, कारण घूस ते कुरतडते. रात्रीच्या चोरीसाठी संध्याकाळी खाद्य उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. सांडलेल्या खाद्यावर घुशी येतात आणि घुशींच्या मागे साप येतो. घुशींसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी हातात ठेवल्या तर घेऊ नयेत. ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू निघतो, दाट वस्तीत तो शेजारच्या घरात शिरू शकतो आणि सामान्य ग्राहकाला त्या विकण्यास परवानगीच नाही. घुशीसाठी पिंजरा वापरावा. डांबरगोळ्या, फिनाईल किंवा कार्बोलिक ॲसिड शिंपडून साप थांबत नाही. पैसे वाया जातात आणि कोंबड्यांना त्रास होतो.

हल्ल्यानंतर वाचलेल्या कोंबड्यांसाठी दुकानदार एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक देतो आणि वर ‘दुप्पट घाला, लवकर गुण येईल’ असेही सांगतो. घालू नये. घाबरलेल्या कोंबडीला प्रतिजैविक लागत नाही आणि दुप्पट मात्रेने गुण दुप्पट येत नाही. औषधाचा अंश मात्र अंड्यात उतरतो. जखमी पक्षी वेगळा ठेवावा, अन्यथा रक्त पाहून इतर पक्षी त्याला टोचतात. जखम पोव्हिडोन आयोडीनने पुसावी आणि खोल असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. प्रतिजैविक पशुवैद्यकाने लिहून दिले तरच आणि तेवढेच द्यावे.

आरेच्या पाड्याबाबत थोडक्यात सांगतो. बिबट्या वस्तीकडे मुख्यतः भटक्या कुत्र्यांसाठी येतो, म्हणून कचरा आणि मांसाचे अवशेष उघड्यावर टाकू नयेत, खुराडे घराला लागून ठेवावे आणि अंधारात मुलांना दार लावायला पाठवू नये. बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. स्वतः पिंजरा लावू नये, आणि कुंपणात वीज तर मुळीच सोडू नये.

अनुदानाविषयीही विचारणा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातील कुक्कुटपालनाचे 50 टक्के अनुदान मोठ्या प्रजनन केंद्रांसाठी आहे, परसातील दहा-वीस कोंबड्यांच्या जाळीसाठी नाही. एजंटाला अर्जाचे पैसे देऊ नयेत.