पॅडल खाली जातंय म्हणून लगेच मास्टर सिलिंडर बदलू नका

तुमची जुनी मारुती ८००. पॅडल निम्म्याहून खाली गेल्यावर ब्रेक धरतो, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की पॅडल वर येतं आणि ब्रेकही बरा लागतो. ब्रेक ऑइलची पातळी कमी होत नाही. गॅरेजवाला म्हणतो मास्टर सिलिंडर, म्हणजे पॅडल दाबल्यावर चाकांकडे ऑइल ढकलणारा मुख्य पंप, गेला. मला तसं वाटत नाही. निदान मागच्या चाकांचे ब्रेक ड्रम उघडून पाहिल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका.

मास्टर सिलिंडर आतून गळत असेल तर त्याची खूण वेगळी असते. इंजिन चालू ठेवून पॅडलवर हलका, एकसारखा दाब देऊन पाय तसाच ठेवा. पॅडल हळूहळू खाली सरकत राहिलं आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर आतले रबरी कप गेले असं समजा. तुमचं पॅडल दुसऱ्या दाबाला वर येऊन तिथेच थांबतंय. म्हणजे मुख्य शक्यता दोन उरतात: मागच्या शूंचं (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानींचं) ड्रमपासूनचं अंतर वाढलंय किंवा लाइनीत हवा आहे. हवा असेल तर वर आलेलं पॅडलही पायाला स्पंजासारखं लागतं. कडक लागलं तर हवा नाही, शू बघा.

खात्री करायला पाना लागत नाही. सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पॅडल दाबा. एरवीपेक्षा ते स्पष्ट वर थांबलं तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. कारण साधं आहे. मास्टर सिलिंडर एका दाबात ठरावीकच ऑइल ढकलतो. त्यातलं बरंचसं शू ड्रमपर्यंत नेण्यातच खर्ची पडलं तर पुढच्या डिस्कला दाब मिळेपर्यंत पॅडल खाली गेलेलं असतं. हँडब्रेक ते अंतर आधीच मिटवतो.

अंतर आपोआप भरून काढायला आत अ‍ॅडजस्टर असतो, पण लायनरची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) भुकटी आणि गंज बसून तो जाम होतो. कोकणातल्या गाड्यांत तर हमखास. ड्रम काढण्याआधी हँडब्रेकची केबल सैल करा, चाकांना दगडाची किंवा लाकडाची उटी लावा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड हवाच. ती काळी भुकटी हवेच्या पाइपाने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा. मग व्हील सिलिंडरच्या (शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) रबरी टोपीची कड अलगद उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. शू ऑइलने भिजले असतील तर धुऊन परत लावण्याची काटकसर नको. शू बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.

अ‍ॅडजस्टर मोकळा करून शू बसवल्यावरच हँडब्रेकची केबल ताणा. बरेच मेकॅनिक उलटं करतात: हँडब्रेक वर येतोय म्हणून आधी केबल ताणतात. त्याने शू विश्रांतीच्या जागी येतच नाहीत, अ‍ॅडजस्टर कामच करत नाही, आणि महिनाभरात पॅडल परत खाली.

दोष लाइनीतल्या हवेचा निघाला तर ती बाहेर काढताना (गॅरेजच्या भाषेत एअर काढताना) एक काळजी घ्या. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जितका फिरतो तेवढाच भाग गुळगुळीत राहतो, पुढे गंज आणि मळ साचतो. मदतनीस पॅडल तळापर्यंत दाबतो, कप त्या खडबडीत भागावर घासून फाटतो, आणि मग खरंच मास्टर सिलिंडर बदलावा लागतो. पॅडलखाली लाकडाची फळी ठेवा. एअर काढूनही पॅडल नरमच राहिलं तर पुढच्या कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचे) निपल, म्हणजे हवा सोडायचे स्क्रू, वरच्या बाजूला आहेत का बघा. कधी कॅलिपर काढून लावताना डावा-उजवा अदलाबदल झालेला असतो. निपल खाली गेला की वरची हवा निघणारच कशी?

ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रतीचं, गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डब्याच्या झाकणावर लिहिलं असेल ते. ते हवेतला ओलावा शोषतं. मानकाप्रमाणे कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये, पण ओलावा धरल्यावर ती मर्यादा १४० अंशांवर येते. कुंभार्ली घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय असेल तर जुन्या ऑइलची आत वाफ होते आणि पॅडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला, आणि अर्धी उघडी पडलेली बाटली वापरू नका. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको, सगळी रबरं फुगतात.

पुढच्या चाकांकडेही एक नजर टाका. वळण घेतल्यावर पहिलाच ब्रेक खोल जात असेल तर बेअरिंगला खेळ असू शकतो. डिस्क हलून पॅडना मागे ढकलते. कॅलिपरच्या पिना अडकल्या असतील तर आतला आणि बाहेरचा पॅड वेगवेगळे झिजलेले दिसतील.

बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, तुमच्या तक्रारीत बसत नाही. तो गेला तर पॅडल खाली जात नाही, दगडासारखं कडक होतं. तरी तपासायचाच असेल तर इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा दाबा, दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पॅडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक आहे.

पॅडल एखाद्या दिवशी अचानक आणखी खाली गेलं आणि ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढायला लागली, तर ब्रेक ऑइलच्या दोन वेगळ्या सर्किटपैकी एक गेलंय असं समजा. तशी गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, टो करून न्या.