आईच्या टाचेवरचा काळा डाग वाढतोय. चामखीळ समजून पार्लरमध्ये जाळून घ्यावा का?

नाही. पार्लरमध्ये तर नाहीच, पण एखाद्या दवाखान्यात 'दोन मिनिटांत उडवून देतो' म्हणाले तरी नको.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६२, डाग वर्षभरात रुपयाएवढा झाला, कडा वेड्यावाकड्या आहेत आणि महिन्याभरापासून मधोमध ओल येते. मी डॉक्टर नाही. पुण्यात प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून नोकरी केली आहे. टाचेवर असा डाग दिसला की आमच्याकडे पहिली शंका मेलॅनोमाची, म्हणजे कातडीच्या एका कॅन्सरची घेतात. तो असेलच असं नाही, पण नाही हे प्रयोगशाळेनं सांगायचं, पार्लरवाल्या ताईंनी नव्हे.

आपण सावळी माणसं, आपल्याला कातडीचा कॅन्सर होत नाही, असं घरोघरी ऐकू येतं. गोऱ्या लोकांच्या मानानं मेलॅनोमा आपल्यात पुष्कळ कमी, हे खरं. पण होतो तेव्हा बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली होतो, जिथे ऊन फारसं पोचत नाही. मग त्याला कुरूप समजून कॉर्न कॅप लावली जाते, खडा रुतून रक्त साकळलं असेल म्हणून सोडून दिलं जातं. जांघेत गाठ आली तरी 'पायाला जखम आहे, अवधाण आलं असेल' म्हणून कुणी लक्ष देत नाही. आईंची जांघ आजच चाचपून बघा. गाठ लागली तर डॉक्टरांना आधी तेच सांगा.

जाळू नका म्हणते त्याचं कारण साधं आहे. जाळलं की तपासायला तुकडाच उरत नाही. मेलॅनोमा कातडीत किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचे उपचार मुख्यतः ठरतात. वरचं जळतं, खालचं राहतं, खपली धरते आणि घरचे निश्चिंत होतात. बिब्बा, चुना, घोड्याचा केस यांचंही तेच. मानेवरच्या लोंबत्या चामखिळीला केस बांधला तर फार तर ती पिकेल. इथे महिने वाया जातील.

ससूनच्या त्वचारोग ओपीडीत किंवा एमडी स्किन डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. ते डर्मोस्कोपनं, म्हणजे दिव्याच्या भिंगानं बघतील. तळपायावरच्या बारीक रेषांच्या खाचांत रंग असेल तर तो बहुधा साधा तीळ, उंचवट्यांवर असेल तर संशय वाढतो. मग बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून प्रयोगशाळेत तपासणं. 'चाकू लागला की कॅन्सर पसरतो' म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. बायोप्सीनं पसरत नाही, थांबून राहिल्यानं पसरतो.

मेलॅनोमा निघालाच तर भोवतालची १ ते २ सेंटीमीटर चांगली कातडीही काढतात, गरजेप्रमाणे, पसरताना कॅन्सर आधी जिथे पोचतो ती जांघेतली पहिली गाठ तपासायला घेतात. जागा भरायला मांडीची कातडी लावतात. टाचेवर वजन येतं म्हणून कधी जाड फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट उचललेला कातडीचा जाड थर लागतो. महात्मा फुले योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया होतात; रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

घरच्या काळजीचं विचारलंत, ते मात्र नीट वाचा, कारण ऑपरेशन चांगलं होऊनही लावलेली कातडी कधीकधी घरी आल्यावर जाते. पाय दोन उशांवर, हृदयापेक्षा उंच हवा. खाली लोंबता राहिला की सूज येते, कातडी निळी पडते. पहिलं ड्रेसिंग साधारण पाचव्या दिवशी डॉक्टरच उघडतात. तोवर वास येतोय का म्हणून पट्टी उचकटून बघू नका. आईंना टाचेपेक्षा मांडी जास्त दुखेल, त्याला घाबरू नका. तिथली पट्टी दोनेक आठवड्यांत आपोआप सुटते, ओढली की नवी कातडी सोबत येते. भारतीय संडास पूर्ण बंद. कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवा. मिश्री लावत असतील तर बंद करा. निकोटीननं रक्तवाहिन्या आक्रसतात आणि कातडी धरत नाही. वॉर्डात बायका मिश्रीची डबी उशीखाली लपवायच्या, म्हणून मुद्दाम सांगते. साखर ताब्यात हवी. ताप, पू, दुर्गंधी किंवा कातडी काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट बघू नका. जखम भरल्यावर रोज खोबरेल लावा, मऊ चप्पल घाला, आणि जांघ चाचपणं पुढेही चालू ठेवा.

तुमच्या पत्नीनं विचारलंय की सासूबाईंना कुठलं सनस्क्रीन द्यावं. पायाला कुठलंच नको. चेहऱ्यावरच्या कातडीच्या कॅन्सरशी उन्हाचा संबंध आहे, म्हणून उन्हात काम करणाऱ्यांनी टोपी, छत्री, सनस्क्रीन वापरावं. आपल्याकडे भाजल्याचे जुने व्रण आणि वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमा यांकडे जास्त लक्ष हवं, कारण त्यांतही कॅन्सर होऊ शकतो. आणि कमरेकडे. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ साली धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरबद्दल लिहिलं होतं; परकराच्या नाडीखालीही तो होतो. आईंच्या कमरेवर नाडीच्या जागी न भरणारी चीर किंवा टणक चट्टा असेल तर त्याच केसपेपरवर तोही दाखवून घ्या, आणि नाडीऐवजी रुंद पट्टा शिवून द्या.