जुन्या-नव्या जाहिरातींची पोस्टर्स लावून हॉल सजवायचा आहे. ओरिजिनल घ्यावीत की प्रिंट?

ठाण्यातल्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जुन्या-नव्या जाहिरातींची सात-आठ पोस्टर्स लावायची, ओरिजिनल परवडतील तर तीच घ्यायची, फक्त घराचं कॅफे व्हायला नको, असा तुमचा प्रश्न आहे. माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. अशी पोस्टर्स हौसेने फ्रेम करायला आणणारे मला भेटतात, आणि दोन पावसाळ्यांनंतर बुरशी आली म्हणून तीच फ्रेम उघडायला आणणारेही भेटतात.

आधी कॅफेचं. घर कॅफेसारखं दिसतं ते जाहिरातींमुळे नाही, गर्दीमुळे. जाहिरात जन्माला येते तीच रस्त्याने चाललेल्या माणसाला हटकायला. अशा सात-आठ एका भिंतीवर आल्या की सगळ्या एकदम हाका मारतात. सोफ्यामागच्या भिंतीला एकच द्या, पण मोठं द्या, निदान २० बाय ३० इंची. उरलेली पॅसेजमध्ये, स्वयंपाकघरात, अभ्यासाच्या टेबलावर वाटून टाका. आणि हॉलसाठी निवडताना ज्यात चित्र बोलतं आणि अक्षरं गप्प आहेत असं निवडा. घोषवाक्य आठवड्यात पाठ होतं, मग ते खुपायला लागतं. लिओनेत्तो कापिएलो या चित्रकाराने १९०६ साली ‘मॉरिन किना’ या फ्रेंच मद्यासाठी केलेलं पोस्टर बघा. काळीभोर पार्श्वभूमी, त्यावर बाटली उघडणारा हिरवागार सैतान, बस. एअर इंडियाच्या महाराजाचंही तेच. १९४६ मध्ये एअर इंडियाचे अधिकारी बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी तो मुंबईत घडवला, आणि कमरेत वाकलेला तो मिशीवाला आजही एक अक्षर न वाचता ओळखू येतो.

आता ओरिजिनल की प्रिंट. आपल्याकडचं जुनं कागदी पोस्टर हे भिंतीवर खळीने चिकटवायला छापलेलं असे. ते पावसात गेलं, नाहीतर त्यावर दुसरं चिकटलं. त्यामुळे ‘पन्नास वर्षांपूर्वीचं ओरिजिनल’ म्हणून कोरंकरकरीत काही समोर आलं की मी आधी भिंग काढतो. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. चेहऱ्याच्या किंवा आकाशाच्या भागावर ते धरा. जुनी दगडावरची लिथो छपाई असेल तर खडूने घासल्यासारखा वेडावाकडा दाणा दिसतो. ऑफसेट, म्हणजे नंतर आलेली यंत्रावरची छपाई, असेल तर निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात. ऑफसेट म्हणजे खोटंच असं नाही, नंतरच्या काळातलं खरं पोस्टर ऑफसेटचंच असणार. पण १९२०चं लिथो म्हणून विकायला आलेल्या चित्रात ही फुलं दिसली तर नमस्कार करून पुढे चला.

खरं जुनं हवंच असेल तर पोस्टरपेक्षा कॅलेंडरं आणि लेबलं शोधा. आपल्या घरांत जाहिरात शिरली ती कॅलेंडरातूनच: वर लक्ष्मी किंवा बाळकृष्ण, खाली साबणाचं नाहीतर दुकानाचं नाव. रघुवीर मुळगावकरांची चित्रं अशीच कॅलेंडरांवरून घरोघरी गेली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत काढलेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला छापखाना देवादिकांच्या चित्रांसाठी ओळखला जातो, पण तिथे लेबलंही छापली जात. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं किंवा काड्यापेट्यांची लेबलं छोटी असतात. एका माउंटमध्ये, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्यात, खिडक्या कापून नऊ किंवा बारा बसवली की पॅसेजच्या भिंतीवर छान दिसतात.

माझा जीव मात्र एनॅमलच्या पाट्यांवर आहे. चहा, साबण, टायर, वनस्पती तूप यांच्या या पाट्या दुकानांवर आणि स्टेशनांवर असत. चहा कसा करायचा याच्या सूचना देशी भाषांतून लिहिलेल्या पाट्याही होत्या, कारण तेव्हा लोकांना चहाची सवय लावायची होती. लोखंडी पत्र्यावर रंगीत काचेच्या भुकटीचा थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, मग पुढचा रंग, परत भट्टी. म्हणून उन्हाने या पाट्यांचा रंग उडत नाही. त्यांचा शत्रू म्हणजे दगड आणि गंज. नकली पाट्याही बाजारात भरपूर आहेत, पातळ पत्र्यावर छापून वरून मुद्दाम गंजवलेल्या. अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. खऱ्या पाटीत बहुधा थराची पायरी नखाला लागते, छापलेली गुळगुळीत जाते. टवका उडाला असेल तर खऱ्या पाटीत तो शिंपल्यासारखा गोलसर असतो आणि आत काळा थर दिसतो. गंज स्क्रूच्या भोकांपासून आणि कडांपासून पसरलेला असतो. नकलीत तो चित्रावर हव्या तिथे, शोभेसाठी शिंपडलेला असतो. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट आणि पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, दोन्हीकडे खरं-खोटं शेजारी शेजारी मांडलेलं असतं.

बाकी सगळ्यासाठी प्रिंट घ्या आणि अजिबात कमीपणा मानू नका. फाइल चांगली हवी एवढंच. ए-टू आकारासाठी (साधारण साडेसोळा बाय साडेतेवीस इंच) निदान अडीच हजार बाय साडेतीन हजार पिक्सेल लागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं चित्र चालत नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी पोस्टर्स मोठ्या आकारात फुकट मिळतात. कागद मॅट घ्या. ग्लॉसी कागदावर वर काच आली की चित्रापेक्षा ट्यूबलाइट जास्त दिसते. आणि खर्चाचा अंदाज उलटा धरा, प्रिंट स्वस्तात होतं, पैसे फ्रेमला जातात.

नव्या जाहिरातींत एक गोष्ट सांभाळा. वर्तमानपत्रातली पानभर जाहिरात आवडली म्हणून तेच पान फ्रेम करू नका. तो कागद काही महिन्यांत पिवळा पडतो. स्कॅन करून चांगल्या कागदावर छापून घ्या.

फ्रेमिंगला मी सगळ्यांना तेच सांगतो. खऱ्या जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच. अ‍ॅसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा, माउंट मागा. फ्रेमवाला नाक मुरडेल, तरी मागा. माउंटमुळे कागद आणि काच यांच्यात फट राहते. ती नसली की आपल्याकडच्या दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. मागच्या चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून घ्या, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहील आणि मागून हवा खेळेल. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर आणि थेट उन्हात खरा कागद लावूच नका. तिथे प्रिंट, बाल्कनीत पाटी.

उंचीचंही सांगतो. पूर्वजांच्या तसबिरी लावल्यासारखी दाराच्या चौकटीच्या वर पोस्टर्स टांगायची आपल्याला सवय आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या जरा खाली ठेवा. सोफ्यावर लावत असाल तर फ्रेमची खालची कड सोफ्याच्या पाठीपासून सहा ते आठ इंच वर.

आणि एनॅमलची पाटी घेतलीत तर खिळा ठोकण्याआधी भिंत कसली आहे ते विचारा. नव्या इमारतींत आतल्या भिंती बऱ्याचदा हलक्या सायपोरेक्स ब्लॉकच्या असतात आणि त्यात साधा खिळा जड पाटी धरत नाही. ड्रिल मारून त्या ब्लॉकसाठी मिळणारा लांब प्लग आणि स्क्रू घालायला सांगा, दोन ठिकाणी.