गारपिटीचा अंदाज कसा वाचावा, आणि दुकानदाराचे काय ऐकू नये

या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न एकाच विषयाचे असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे की, जिल्ह्याला गारपिटीचा इशारा आहे आणि माल उतरायला पंधरा दिवस बाकी आहेत. सिलिकॉन व कॅल्शियमची दुप्पट मात्रेने फवारणी घेतल्यास मण्याची साल गार सोसते असे दुकानदार सांगतात, तर गावातील काही जण वर्गणी काढून गारा फोडणारी तोफ आणण्याच्या विचारात आहेत, तेव्हा काय करावे? लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील एका शेतकरी ताईंनी लिहिले आहे की, मोबाईलवर लाल रंगाचे रडारचे चित्र आले, व्यापाऱ्याने घाई केली, म्हणून कांदा उपटून टाकला आणि गार तर आलीच नाही. मग अंदाजावर विश्वास ठेवावा की नाही? तिसरा प्रश्न विजेचा इशारा देणाऱ्या दामिनी ॲपचा आहे: ते वाजल्यावर शेतातून केव्हा निघावे आणि परत केव्हा जावे?

आधी दुकानदाराचे पाहू, कारण पैसा तिथे जातो. सिलिकॉन, कॅल्शियम, पोटॅश किंवा कोणतेही टॉनिक मारून द्राक्षाची साल गार सोसत नाही. दोन सेंटिमीटर व्यासाची गार ताशी साधारण ६० ते ७० किलोमीटर वेगाने खाली येते, आणि तिच्यापुढे मण्याच्या सालीची जाडी वाढवण्याची भाषा करणे म्हणजे शेतकऱ्याची भीती विकणे आहे. दुप्पट मात्रा तर मुळीच घेऊ नये. काढणीला पंधरा दिवस राहिलेल्या मालावर डाग पडतात, आणि सोबत बुरशीनाशक मिसळलेले असेल तर अवशेषांमुळे निर्यातीचा माल नाकारला जातो. गारपिटीआधी फवारणी नाही, दुप्पट मात्रेने नाही आणि एकपट मात्रेनेही नाही. पाऊस दोन तासांवर असताना मारलेले औषध धुऊन जमिनीत जाते, एवढाच त्याचा परिणाम होतो.

तोफेबद्दलही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ही कल्पना नवीन नाही आणि ती मुळात द्राक्षवाल्यांचीच आहे. १८९६ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रियातील श्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टीगर नावाच्या एका द्राक्ष बागायतदाराने उभे नरसाळे लावलेल्या तोफा आकाशाकडे डागायला सुरुवात केली. सुरुवातीच्या वर्षांत गारा कमी पडल्या, गाजावाजा झाला, आणि १९०० पर्यंत एकट्या इटलीत सुमारे दहा हजार तोफा उभ्या राहिल्या. पुढे सरकारी देखरेखीखाली चाचण्या झाल्या, तोफा डागत असतानाही गारा पडल्या आणि १९०५ च्या सुमारास हा प्रकार बंद पडला. आज ॲसिटिलीन वायूच्या स्फोटावर चालणारे जे यंत्र दाखवले जाते, ते याच कल्पनेचे नवे रूप आहे. गार तयार होते पाच किलोमीटर आणि त्याहून अधिक उंचीवर, आणि ज्या ढगात ती तयार होते त्याच ढगात विजेचा कडकडाट चालू असतो. त्या कडकडाटाने गार फुटत नाही, तर बांधावरच्या स्फोटाने ती कशी फुटेल, हा साधा प्रश्न विक्रेत्याला विचारावा. जागतिक हवामान संघटनेच्या तज्ज्ञांनीही या तोफांना शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ या काळात रॉकेटने ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडण्याचा मोठा तुलनात्मक प्रयोग झाला आणि त्यातही गारा कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही. एखाद्या गावात तोफ आणली आणि त्या वर्षी गार पडली नाही, हा पुरावा होत नाही, कारण तोफ नसलेल्या शेजारच्या गावातही त्या वर्षी बहुधा गार पडलेली नसते. वर्गणी परत करावी.

आता मूळ गोष्टीकडे येतो. अंदाज चुकला असे ज्यांना वाटते, त्यांतील बहुतेकांनी अंदाज चुकीच्या कामासाठी वापरलेला असतो. फेब्रुवारी ते मे या काळात बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे बाष्प आणि उत्तरेकडचे कोरडे वारे महाराष्ट्रावर एकत्र येतात, दुपारपर्यंत जमीन तापते, आणि त्याच वेळी पश्चिमी झंझावातामुळे वरच्या थरात थंड हवा असेल तर ढग भराभर उभे वाढून बारा किलोमीटरच्या पलीकडे जातात. वर चढणाऱ्या हवेच्या जोराने गोठण पातळीच्या, म्हणजे जिथे तापमान शून्य अंश होते त्या उंचीच्या, वर उचलले गेलेले पाणी शून्याखालच्या तापमानातही काही काळ द्रवच राहते आणि गारेच्या गाभ्यावर थर देत बसते. पडलेली मोठी गार विळ्याने मधोमध कापून पाहा; कांद्यासारखी पांढुरकी आणि काचेसारखी कडी एकाआड एक दिसतात. ही सारी परिस्थिती जिल्ह्यावर जुळून येणार की नाही, हे हवामान विभाग चार-पाच दिवस आधी बऱ्यापैकी सांगू शकतो. त्यातील नेमका कोणता ढग कोणत्या शिवारावर गार टाकणार, हे पाच दिवस आधी कोणीही सांगू शकत नाही, आणि जो गावाचे नाव घेऊन तारीख सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

याचे कारण मोजमापात आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली आणि २६ मे २०२५ पासून वापरात आलेली भारत फोरकास्ट सिस्टीम ही अंदाजाची संगणक प्रणाली ६ किलोमीटरच्या चौकटीत गणित करते. त्याआधीची चौकट १२ किलोमीटरची होती. ही प्रगती मोठी आहे, परंतु ६ किलोमीटरच्या एका चौकटीत दोन-चार गावांची शिवारे बसतात, आणि गारेचा पट्टा पुष्कळदा एक-दोन किलोमीटर रुंदीचा असतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर गारपीट झाली, तेव्हा मी पंचनाम्यासाठी बांधाबांधाने फिरलो. एका ठिकाणी बांधाच्या पूर्वेचा गहू रोलर फिरवल्यासारखा जमिनीला चिकटला होता आणि पश्चिमेचा गहू ओंब्यांसह उभा होता. दोन्ही शेतांना त्या दिवशी अंदाज एकच होता आणि तो बरोबरही होता.

म्हणून माझा आग्रह एकच आहे, आणि प्रत्येक बैठकीत मी तो धरतो: पाच दिवसांच्या अंदाजावर तयारी करावी, आणि कृती शेवटच्या तीन तासांत करावी. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. पिवळ्या इशाऱ्यावर पीक उपटायचे नसते. तीन तासांपर्यंतचा तात्कालिक अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, हवामान विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो, आणि त्याच्या जोडीला रडारचे चित्र स्वतः पाहायला शिकावे. ही गोष्ट अवघड नाही, दहावी झालेला मुलगा एका दुपारी शिकतो.

रडारचे चित्र उघडले की आधी त्यावरची तारीख आणि वेळ पाहावी. बऱ्याच चित्रांवर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवावेत; चित्रावर ०९:३० असेल तर ते आपल्या दुपारच्या तीन वाजताचे आहे. औशाच्या ताईंना आलेले चित्र त्यांनी मला पाठवले आहे. त्यावरची तारीख मागच्या वर्षीची आहे. व्यापाऱ्याने ते मुद्दाम पाठवले की नकळत, हे मी सांगू शकत नाही, परंतु "गार येणार आहे, आजच माल द्या" हे वाक्य प्रत्येक अवकाळीत भाव पाडण्यासाठी वापरले जाते, हे मी अनेक गावांत पाहिले आहे. फॉरवर्ड झालेल्या चित्रावर निर्णय घेऊ नये. चित्र स्वतः उघडावे.

मॅक्स-झेड नावाचे चित्र निवडावे. त्यात नकाशाच्या वरच्या आणि उजव्या कडेला दोन पट्ट्या असतात आणि त्यांत ढगाची उंची दिसते. नकाशावर लाल ठिपका दिसला एवढ्यावरून घाबरू नये. तोच लाल रंग कडेच्या पट्टीत सात-आठ किलोमीटरच्या वर चढलेला असेल, तर त्या ढगात गारा असण्याची शक्यता दाट आहे. मग लागोपाठची तीन चित्रे पाहावीत. ढग वीस मिनिटांत दहा किलोमीटर सरकला असेल तर त्याचा वेग ताशी तीस किलोमीटर झाला, आणि तो आपल्यापासून ४५ किलोमीटरवर असेल तर हाताशी दीड तास आहे. वाटेत तो विरू शकतो किंवा त्याच्या शेजारी नवा ढग उठू शकतो, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे लागते.

कोणते रडार पाहावे, यातही चूक होते. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते, त्यामुळे अंतर वाढेल तसा किरण जमिनीपासून उंच जातो. मुंबईच्या रडारचा सर्वांत खालचा किरण निफाडवर येईपर्यंत सुमारे तीन किलोमीटर उंच झालेला असतो, शिवाय मध्ये सह्याद्री आहे. लातूर, नांदेडकडील शेतकऱ्यांना मुंबईचे आणि नागपूरचे चित्र उपयोगी नाही. त्यांनी हैदराबादचे रडार उघडावे. तिथून औसा सुमारे २३० किलोमीटरवर पडते आणि किरण पाच किलोमीटरच्या वर असतो, म्हणजे साधा पाऊस त्यात नीट दिसणार नाही, परंतु बारा किलोमीटर उंचीचा गारेचा ढग दिसतोच. मराठवाड्याच्या काही भागाची हीच खरी अडचण आहे आणि जवळच्या रडारची मागणी रास्त आहे.

माझे सांगणे असे की प्रत्येक गावात फेब्रुवारी ते मे या काळात दुपारी एक ते सायंकाळी सात अशी पाळी लावावी, चार-पाच तरुणांनी ती वाटून घ्यावी, आणि ढग पन्नास किलोमीटरच्या आत आला की गावाच्या गटावर वेळेसह एक संदेश टाकावा. त्या दीड तासात काढलेला कांदा ताडपत्रीखाली जातो, वाळत घातलेली हळद गोळा होते, जनावरे गोठ्यात येतात आणि माणसे शेतातून निघतात. ज्या गावांनी हे केले त्यांचे उभे पीक वाचले असे मी म्हणणार नाही, परंतु काढलेला माल वाचला.

कांद्याबाबत वेगळे सांगावे लागते. निम्म्या माना पडल्याशिवाय, म्हणजे पात मानेतून आडवी झाल्याशिवाय, कांदा उपटू नये. इशाऱ्याच्या घाईत काढलेला कच्चा कांदा चाळीत महिनाभरात सडतो, आणि ते नुकसान गारेपेक्षा कमी नसते. माना पडल्या असतील तर मात्र इशाऱ्याच्या आधी काढून, पातीसह ढीग करून, ताडपत्री तयार ठेवावी, आणि पाऊस थांबताच ती उघडावी, नाहीतर आत घाम धरतो.

गार पडून गेल्यावर दुकानदार दुसऱ्यांदा येतो. तेव्हा "शॉकमधून बाहेर काढणारे" संप्रेरक, अमिनो आम्ल, बुरशीनाशक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत देतात. हे मिश्रण मारू नये. आधी फुटलेले मणी, तडकलेली फळे आणि मोडलेल्या फांद्या काढून बागेबाहेर न्याव्यात, आणि एक-दोन दिवसांत एकच संरक्षक बुरशीनाशक लेबलवरील मात्रेने, काढणीपूर्व कालावधी (फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) पाहून घ्यावे. डाळिंबात जखमांतून तेल्या रोग पसरतो, म्हणून तिथे उशीर करू नये. द्राक्षासाठी पुण्याजवळील मांजरी येथील आणि डाळिंबासाठी सोलापूरच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राचा सल्ला पाहावा. मात्रा वाढवून जखम लवकर भरत नाही.

गारेला खरोखर अडवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे जाळी. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात गारपीटरोधक जाळीला अनुदानाची तरतूद आहे. अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर करावा आणि पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नये. हवामान आधारित फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते, ते घेतले आहे का हे पावतीवर पाहावे, आणि नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी. इतर पिकांच्या विम्याचे निकष बदलले आहेत, चालू हंगामाची अधिसूचना सहायक कृषी अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे कृषी सहायक) वाचून घ्यावी.

दामिनीचा प्रश्न थोडक्यात सांगतो. हे ॲप विजेची ठिकाणे टिपणाऱ्या संवेदकांच्या जाळ्यावर चालते, त्यामुळे ते वाजले की वीज जवळपास पडू लागलेली असते आणि विचार करायला वेळ नसतो. नेटवर्क नसेल तर कानाने मोजावे: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि पाऊस सुरू झालेला नसला तरी त्याच क्षणी निघावे. झाडाखाली, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये किंवा विजेच्या खांबाजवळ थांबू नये. पक्के घर किंवा बंद चारचाकी गाठावी. शेतासाठी वीजरोधक म्हणून जो दांडा विकला जातो तो, योग्य अर्थिंग असल्यास, ज्या इमारतीवर बसवला तिचे रक्षण करतो, चार एकरांचे करत नाही. परत जाण्यासाठी शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटे मोजावीत, मध्ये पुन्हा गडगडले तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी, आणि तोपर्यंत पंपाच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावायला कोणालाही पाठवू नये.