येशूला सख्खी भावंडं होती का?

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, (6:3) नासरेथचे लोक येशूच्या चार भावांची नावंच घेतात: याकोब, योसे, यहूदा आणि शिमोन. बहिणींचाही उल्लेख आहे, पण त्यांची नावं नाहीत, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

वाद आहे तो नात्याचा. प्रोटेस्टंट ख्रिस्ती बहुतेक त्यांना येशूच्या आईची, मरियेचीच मुलं मानतात. ऑर्थोडॉक्स परंपरेत ती मरियेचा नवरा योसेफ याच्या पहिल्या लग्नाची. कॅथलिक मत जेरोम या बायबलच्या लॅटिन अनुवादकाचं: त्याने सुमारे 383 साली लिहिलं की ही मावसभावंडं. आपणही चुलत-मावस भावाला नुसतं 'भाऊ'च म्हणतो, त्यामुळे हे आपल्याला पटकन पटतं. पण शुभवर्तमानं ज्या ग्रीक भाषेत लिहिली गेली तिच्यात अशा भावासाठी 'अनेप्सिओस' हा वेगळा शब्द होता, आणि बायबलमधल्याच कलस्सैकरांच्या पत्रात (4:10) मार्क हा बर्णबाचा नातलग म्हणून तोच वापरलाय. येशूच्या भावांसाठी मात्र 'अदेल्फोस', म्हणजे साधा 'भाऊ'. म्हणून मला सख्ख्या भावंडांचा अर्थ जास्त सरळ वाटतो.

योहानाचं शुभवर्तमान (7:5) म्हणतं की या भावांचा येशूवर विश्वास नव्हता. तरी पुढे याकोबच यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख झाला आणि सन 62 च्या सुमारास दगडमाराने मारला गेला. ही घटना योसेफस या यहुदी इतिहासकारानेही नोंदवली आहे.