२८ आठवड्यांतच जन्मलेलं बाळ पेटीत (इनक्युबेटरमध्ये) आहे, आईने काय करायचं?

अगं, तुझा प्रश्न काल रात्री वाचला, तेव्हापासून डोक्यातून जात नव्हता, आत्ता घरातलं उरकून लिहायला बसलेय. २८ आठवडे, १०६० ग्रॅम, आज सहावा दिवस, सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर) आहे, वजन उतरून ९६० झालंय, सासूबाई म्हणतायत एवढ्यात नाव ठेवू नका, आणि तू विचारतेस की मी नुसती काचेबाहेर उभी असते, मी करू काय? तुला अगंतुगं करतेय, राग मानू नकोस. त्या काचेबाहेर मी ६४ दिवस काढलेत. माझा मुलगा २७ आठवडे ४ दिवसांचा, ९४० ग्रॅमचा झाला होता, आता सात वर्षांचा आहे.

आधी वजनाचं सांगते कारण मी त्यावरूनच सगळ्यात जास्त रडले. पहिल्या आठवड्यात या बाळांचं वजन उतरतंच, अंगातलं पाणी कमी होतं, दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं तरी डॉक्टर घाबरत नाहीत, आणि साधारण दोन आठवड्यांत ते परत जन्माच्या वजनावर येतं. आमचं ८५० पर्यंत गेलं होतं. मी रोज सकाळी सिस्टरना पहिला प्रश्न वजनाचा विचारायचे आणि २० ग्रॅम कमी झालं की माझा अख्खा दिवस जायचा. तू आठवड्याचा आकडा बघ, रोजचा नको.

आता तू काय करायचं ते. दूध काढायचं. हे काम त्या अख्ख्या युनिटमध्ये दुसरं कोणी करू शकत नाही. तुला वाटेल बाळ नळीतून दोन तासाला एक मिली घेतंय, त्याला कितीसं लागतंय, पण कमी दिवसांच्या बाळाच्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रोटीन जास्त असतं, आणि या बाळांना आतड्याला सूज येण्याचा जो मोठा धोका असतो तो आईच्या दुधाने कमी होतो. मला पहिल्या दिवशी अर्धा तास हाताने दाबून चमच्याच्या तळाला लागेल एवढाच चीक आला होता, लाज वाटली तो न्यायला, पण सिस्टरनी तो सिरिंजमध्ये ओढून बाळाच्या गालांच्या आतून लावला. दिवसरात्र मिळून आठ वेळा काढ, रात्रीची एक वेळ चुकवू नकोस. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू देतील ते खा गं, पण दूध वाढतं ते वरचेवर काढल्यानेच. आमच्या हॉस्पिटलात दूध काढायला जागाच नव्हती, चादरी ठेवायच्या खोलीत स्टुलावर बसायचे, दार कोणीही उघडायचं, तो राग मला अजून आहे. तुमच्याकडे तसं असेल तर सरळ पडदा लावून मागायचा, संकोच करायचा नाही. आणि अगदीच कमी पडलं तर पावडरच्या आधी दात्या आईचं दूध मिळेल का हे विचार, मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच ह्यूमन मिल्क बँक सुरू केली होती, आता आणखीही बऱ्याच ठिकाणी आहेत.

दुसरं म्हणजे कांगारू. आजच राउंडला विचार, "आम्ही कांगारू कधी सुरू करू शकतो?" बाळाला फक्त डायपर आणि टोपी घालून तुझ्या उघड्या छातीवर उभं ठेवतात आणि वरून कापडाने बांधतात. कोलंबियात बोगोटाला १९७८ च्या सुमारास पेट्या पुरत नव्हत्या म्हणून हे सुरू झालं आणि आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की लवकरात लवकर करा. सीपॅप आहे म्हणून अडत नाही, आमचं चौदाव्या दिवशी सीपॅपसकट केलं. एकदा घेतलंस की निदान तासभर तरी ठेव, सारखं आतबाहेर केलं तर बाळच दमतं. बाबाही करू शकतात, आमच्याकडे संध्याकाळची पाळी यांची असायची. तोपर्यंत पेटीत हात घालू देत असतील तर हात फिरवू नकोस, त्यांची कातडी फार नाजूक असते, कुरवाळलेलं सहन होत नाही. एक तळवा डोक्यावर, एक पायांशी, आणि तसाच स्थिर धरून ठेव. माझा मुलगा असा हात ठेवला की पाय पोटाशी घेऊन शांत व्हायचा.

मॉनिटर. मी ऑक्सिजनचा आकडा १०० व्हावा म्हणून सिस्टरच्या मागे लागायचे, "९२ च आहे, वाढवा ना". एका सिनियर सिस्टरनी शेवटी बाजूला बसवून सांगितलं की ऑक्सिजन देताना ९० ते ९५ च्या मधेच ठेवतात, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते. बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं, मशीन ओरडतं, सिस्टर तळपायाला टिचकी मारतात आणि परत सुरू होतं. हे बघून तुझ्या पोटात गोळा येणारच, माझ्याही यायचा, पण या दिवसांत मेंदूचं श्वासाचं केंद्रच पिकलेलं नसतं, त्यासाठी कॅफीनचं औषध देतात, पोटातले आठवडे धरून चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास बहुतेकांचं थांबत येतं.

डोळ्यांवरून आठवलं, हे लिहूनच ठेव. आरओपीची, म्हणजे कमी दिवसांच्या बाळांना होणाऱ्या डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराची तपासणी. तुमचं बाळ १२०० ग्रॅमच्या आत आहे म्हणजे जन्मापासून दोन ते तीन आठवड्यांत पहिली व्हायला हवी, आणि डिस्चार्ज झाला तरी डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. वेळेत कळलं तर लेसरने नजर वाचते, उशीर झाला तर वाचत नाही.

बिलाचं तू एका ओळीत लिहिलंयस पण मला कळलं. ट्रस्टचं धर्मादाय हॉस्पिटल असेल तर १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन मिस्टरांना उद्याच तिथल्या सोशल वर्करकडे पाठव. आम्हाला हे विसाव्या दिवशी कळलं. नाहीच जमलं तर सरकारी एसएनसीयूमध्ये (नवजात बाळांच्या खास विभागात) आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत असतात, पण हलवायचं की नाही ते डॉक्टरांशी बोलूनच ठरव.

आणि सासूबाईंचं. आमच्याकडे पण "सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही" इथपासून सगळं ऐकून झालं, ते खरं नाही, पोटात मिळालेला एकेक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. त्यांच्याशी भांडू नकोस, त्याही घाबरल्यात, बारसं घरी आल्यावर थाटात करू म्हणावं. पण आमच्या पेटीवर "बेबी ऑफ" आणि माझं नाव एवढंच होतं, नवव्या दिवशी मी सिस्टरना मुलाचं नाव सांगितलं, त्यांनी चिकटपट्टीवर स्केचपेनने लिहून पेटीला लावलं, आणि त्या दिवसापासून सगळ्या जणी त्याला नावाने हाक मारायला लागल्या. तुम्ही दोघांनी नाव ठरवलं असेल तर आजच सांग त्यांना.